चार लाल पट्ट्या

१

आप्पा सापडले ते सकाळी, चाचणीच्या शेडमध्ये, खांब आणि यंत्राच्या मधे.

यंत्र नवं होतं. इस्पितळांच्या चादरी धुणारं, माणसाएवढं उंच. आदल्या संध्याकाळी ते शेडच्या मधोमध उभं होतं. सकाळी ते थरथरत, सरकत खांबापर्यंत गेलं होतं आणि आप्पांना त्यानं तिथेच दाबून धरलं होतं. फरशीवर त्याच्या लोखंडी पायांचे ओरखडे उठले होते. विजेची तात्पुरती वायर ताणून तुटली, म्हणून ते थांबलं. आप्पांना पळता आलं असतं. पण जन्मभर धुलाईयंत्रं बनवणारा माणूस यंत्र हललं की पळत नाही, धरायला जातो.

सरकारी तपासनीस दुपारी पोहोचला. कारखान्यांतले अपघात बघण्यात त्याची हयात गेली होती. बायको गेल्यापासून त्याला घरापेक्षा असल्या शेडच बऱ्या वाटत. इथे निदान काय मोडलं ते दिसतं.

त्यानं आधी शेड नीट पाहून घेतली. भिंतीलगत जुन्या पद्धतीची यंत्रं ओळीनं उभी होती, जाड बोल्टांनी फरशीला जखडलेली. प्रत्येक नटावरून खाली पत्र्यापर्यंत खडूची एक पांढरी रेघ ओढलेली होती. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते, बघणाऱ्याला लांबूनच कळतं. सगळीकडे कपड्यांच्या तंतूंची राखाडी धूळ बसलेली होती.

नवं यंत्र फरशीला जखडलेलं नव्हतं. त्याचा ड्रम आत स्प्रिंगांवर बसवला होता आणि चारी कोपऱ्यांत चार लाल पट्ट्यांनी सांगाड्याला घट्ट बांधला होता. या पट्ट्यांच्या नटांवर खडूची रेघ नव्हती. धूळही नव्हती. चारही नट पुसल्यासारखे लख्ख होते.

त्यानं पाना लावला. तीन नट सहज सुटले. चौथा हलेना. फोरमननं पान्यावर सगळं अंग टाकलं तेव्हा कुठे तो करकरला.

पट्टी बाजूला झाली आणि तपासनीस खाली वाकला. दाराच्या काठावरून साबणाच्या फेसाचा ओघळ वाहून सांगाड्यावर वाळला होता. तो पांढरा ओघळ पट्टीच्या मागून सरळ खाली गेला होता, कुठेही न वळता.

ड्रममध्ये ओल्या चादरी होत्या. इस्पितळाच्या नव्हेत. निळ्या काठाच्या, मधोमध ठिगळ लावलेल्या, घरातल्या.

"साहेब."

मागे आप्पांची मुलगी उभी होती. यंत्र तिनंच बनवलं होतं. अंगावर कालचाच कामाचा कोट होता.

"शोधत बसू नका," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

२

ती बोलली ते पाठ केल्यासारखं.

"पिळताना ड्रमला हिसके बसतात, ते स्प्रिंगा खातात. फरशीला कळतसुद्धा नाही. म्हणून या यंत्राला पाया लागत नाही. ट्रकमधून नेताना ड्रम आपटू नये म्हणून लाल पट्ट्यांनी बांधतात. चालवण्याआधी पट्ट्या सोडायच्या. मी सोडल्या नाहीत. विसरले. आप्पांनी यंत्र सुरू केलं, पिळायला लागल्यावर सगळा हिसका सांगाड्यात उतरला आणि ते चालायला लागलं."

"फार हललं की आपोआप बंद पडायची सोय असते ना?"

"आहे. ड्रम सांगाड्याला धडकला तर बंद पडतं. पण पट्ट्या बांधल्या की दोन्ही एकच झालं. स्विचला काही कळत नाही."

"आप्पांना हे माहीत नव्हतं?"

"त्यांनी या यंत्राकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. जेवताना म्हणायचे, पाया नसलेल्याची हमी मी देणार नाही. महिनोन् महिने हेच चाललं होतं." ती थांबली. "मग पहाटे एकटेच का आले, देव जाणे."

"काल दुपारी तुम्ही चाचणी घेतलीत."

"हळू वेगात. नुसती धुलाई. पिळलं नाही."

तपासनीसानं मान हलवली. त्याच्या हाताशी ढकलगाडीत कालच्या चाचणीच्या चादरी होत्या. त्यांचं जाड कडं झालं होतं, मधे पोकळ, जसं ड्रमच्या भिंतीला चिकटून राहिल्यावर होतं. त्यानं बोट लावलं. चादरी जवळजवळ कोरड्या होत्या. नुसत्या धुतलेल्या चादरी अशा निघत नाहीत. यंत्रानं काल पूर्ण वेगात पिळलं होतं, आणि ते जागचं हललं नव्हतं.

"मी अहवालात निष्काळजीपणा लिहिला," तो म्हणाला, "तर कोर्टात उभं राहावं लागेल. यापुढे कुठल्याही यंत्राच्या आराखड्यावर तुमची सही चालणार नाही. आणि बापाचा जीव घेतला हे जन्मभर लोक बोलतील."

"माहीत आहे."

"तरी लिहू?"

"लिहा."

गळ्यातला फास सोडवायला खोटं बोलणारी माणसं त्यानं खंडीभर पाहिली होती. फास आपल्या हातानं गळ्यात घालून घ्यायला खोटं बोलणारी ही पहिलीच.

३

थोरला भाऊ ऑफिसात बसला होता. डोळे सुजले होते, पण टेबल नीट लावलेलं होतं. भिंतीवर कारखान्याचे फोटो होते. पहिल्या फोटोत एक तेलाचं पिंप आडवं टांगलेलं, त्याला हँडल, आणि हँडल धरून हसणारा एक तरुण.

"लिहून टाका," भाऊ म्हणाला. "बहीण असली म्हणून काय झालं? आप्पाच म्हणायचे, शेडमध्ये पाय टाकला की नातं दाराबाहेर ठेवायचं."

"तुम्हाला कारखाना विकायचा आहे असं ऐकलं."

"त्यात काय लपवायचं? साऱ्या जगाला माहीत आहे. मोठ्या कंपन्यांपुढे आमचं काय चालतंय. आप्पांना पटत नव्हतं. तिला तर नाहीच. तिला वाटायचं हे एक यंत्र बाजारात गेलं की घराण्याचं नाव राहील." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "राहिलं नाव."

"काल संध्याकाळी तुम्ही शेडमध्ये गेला होतात?"

"गेलो होतो. विकत घेणारे पाहुणे आले होते. म्हटलं, दाखवू या नवा माल. तर ते हसायलाच लागले. एक जण विचारतो, याला शेपट्या कशाला ठेवल्यात? त्या लाल पट्ट्या लोंबत होत्या ना चारी बाजूंनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्धवट काम लोकांपुढे मांडून ठेवते ही."

तपासनीसाची पेन्सिल थांबली.

"लोंबत होत्या?"

"हो. एकेका बोल्टावर लटकत होत्या."

"त्या पट्ट्या कशासाठी असतात, माहीत आहे तुम्हाला?"

"साहेब, मी विक्री बघतो. नटबोल्टांचं आणि माझं लहानपणापासून वाकडं आहे. पाना हातात घेतला की आप्पा म्हणायचे, ठेव रे बाबा, कुणाचं तरी बोट तोडशील." तो हसायला गेला आणि त्याचा आवाज फुटला.

तपासनीसानं त्याला सावरू दिलं. ज्या बहिणीला दोषी धरायला भाऊ बसला होता, तिला त्यानं आत्ताच सोडवलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. पट्ट्या त्यानंच बांधल्या असत्या तर त्या लोंबत होत्या हे तो बोललाच नसता.

मुलगी विसरली नव्हती. तिनं दुपारी पट्ट्या सोडल्या होत्या. पाहुणे गेल्यानंतर आणि पहाटेच्या आत कुणीतरी त्या उचलून जागेवर बसवल्या आणि आवळल्या होत्या.

४

फोरमन आप्पांच्या बरोबरीचा होता. शेडच्या पायरीवर तो हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात म्हणे," तपासनीस शेजारी बसत म्हणाला, "मी जिवंत असेपर्यंत हे बिनपायाचं भूत शेडबाहेर जाणार नाही."

"म्हणालो होतो. यंत्राला पाया लागतो आणि जावयाला पगार, नाहीतर दोन्ही आपल्याच अंगावर येतात. असंही म्हणालो होतो. ताई हसली होती." त्यानं नाक ओढलं. "मग काल दुपारी पाहिलं आणि शब्द गिळले."

"काय पाहिलं?"

म्हातारा गप्प झाला. चुकीच्या दारावर थाप मारल्यावर माणूस हात मागे घेतो, तसा.

"नीट चाललं होतं यंत्र," तपासनीस म्हणाला. "पूर्ण वेगात. होय ना?"

"मला उन्हात नीट दिसत नाही अलीकडे."

"शेडमध्ये कुठलं ऊन?"

फोरमननं नजर पायरीवर वळवली.

"रात्री कुलूप कोण लावतं?"

"मी. पण मालकांच्या घरातून शेडमध्ये यायला मधलं दार आहे. त्याला नुसती कडी आहे, कुलूप नाही. भिंतीला भिंत लागून घर आहे."

"नटांवर त्या खडूच्या रेघा कोण ओढतं?"

"कारखान्याची पद्धत आहे. ज्यानं आवळला त्यानं ओढायची."

"मग लाल पट्ट्यांच्या नटांवर का नाही?"

"नवं यंत्र आहे."

"नवं असलं तरी शेडची धूळ त्यावर बसतेच. ते चार नट कुणीतरी पुसलेत. आज सकाळी पुसलेत. पुसण्यासारखं काय होतं त्यांवर?"

"माणूस गेला, साहेब," फोरमन हळूच म्हणाला. "नटांचं काय घेऊन बसलात?"

तपासनीसानं वही मिटली. मग म्हातारा आपणहून बोलू लागला. कारखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. एका इस्पितळाच्या तळघरात यांनी यंत्र बसवलं होतं. एक बोल्ट ढिला राहिला. यंत्र उखडलं आणि तिथे काम करणाऱ्या बाईच्या पायावर गेलं. आप्पा त्या बाईकडे वर्षानुवर्षं जात राहिले. ती दारात उभं करायची नाही, तरी जायचे.

"तेव्हापासून या घरात ढिला नट म्हणजे पाप. कुणाच्याही नजरेला पडला की आवळायचा, विचारायला थांबायचं नाही. आणि तेव्हापासूनच रोज संध्याकाळी..."

तो मधेच थांबला. अंधारात चालताना पायाखाली पायरीच नाही हे कळावं, तसा चेहरा झाला त्याचा.

"रोज संध्याकाळी काय?"

"काही नाही. म्हातारपणी जीभ सैल होते," फोरमन म्हणाला आणि उठून शेडच्या मागं निघून गेला.

५

घरात आप्पांची बायको पलंगावर बसली होती. पलंगावर चादर नव्हती, नुसती गादी. कुणीतरी तिच्या पाठीशी उशी ठेवली होती, ती तिनं बाजूला काढून ठेवली होती.

"एकदम गेले म्हणतात," ती म्हणाली. "हृदय बंद पडलं. यंत्राजवळ उभे होते आणि बसले खाली. त्रास झाला नाही."

तपासनीसानं उत्तर दिलं नाही. म्हणजे हिला हेही सांगितलेलं नव्हतं.

"तुम्हीही काही बोलू नका," ती म्हणाली. "इथे सगळे तेच करतात. मी तोंड उघडलं की म्हणतात, आई, तू पड जरा. पडून पडून माझी पाठ धरली." ती उठली. "चहा टाकते. तेवढं तरी करू दे मला."

तो तिच्यामागून स्वयंपाकघरात गेला. "पहाटे आप्पा किती वाजता उठले, माहीत आहे?"

"मला उठवूनच गेले. माझ्या अंगाखालची चादर ओढत होते. म्हटलं, अहो, कालच तर घातली. म्हणाले, असू दे, मला हवी आहे. दोन्ही चादरी घेऊन गेले बगलेत मारून. चोरासारखे."

"कशाला?"

ती शेगडीपाशी थबकली. तिच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं असावं.

"आमचं आहे ते एक. कारखान्याचं पहिलं यंत्र म्हणजे तेलाचं पिंप होतं. हे हँडल फिरवायचे, मी साबण घालायची. त्यात पहिल्यांदा आमच्याच चादरी धुतल्या. दुसरं कोण देणार धुवायला? तेव्हापासून तसंच चालत आलं. नव्या जातीचं यंत्र बनलं की पहिलं धुणं आपल्या पलंगावरचं. आपलं नीट धुऊन निघालं तर ते दुसऱ्याच्या दारी द्यायचं. नाहीतर मोडायचं."

"म्हणजे आप्पांनी मुलीचं यंत्र पास केलं होतं."

"करायलाच निघाले होते. चारचौघांत मान खाली कशी घालणार? म्हणून पहाटे."

"मुलीला सांगितलंत हे?"

"ती माझ्याजवळ टेकतच नाही. लांबून बघते आणि निघून जाते."

तिनं काडी ओढली. तपासनीसाची नजर शेगडीच्या नळीकडे गेली. नळी जिथे नटानं जोडली होती तिथे खडूची एक पांढरी रेघ होती. त्यानं मान वळवली. टेबलाच्या पायांच्या स्क्रूंवर रेघा. कपाटाच्या बिजागरीवर. मघाशी पलंगाच्या पायापाशी पांढरं काहीतरी दिसलं होतं, तेही आता त्याच्या ध्यानात आलं.

"हे तुम्ही?" त्यानं विचारलं.

"सवय हो. त्या बाईचा पाय गेला ना, तेव्हापासून रोज संध्याकाळी शेडमधून मी एक फेरी मारते. ढिलं दिसलं की आवळायचं आणि रेघ ओढायची. घरात आल्यावरही हात थांबत नाही. पोरं म्हणतात, आई, एक दिवस आमच्या कानांवर ओढशील रेघा." तिनं कप त्याच्या पुढे ठेवला. "काल फेरी झाली. आज नाही जाववणार."

तपासनीसानं कप न उचलताच शेडची वाट धरली.

६

मुलगी शेडमध्येच होती. यंत्रापासून लांब, भिंतीला टेकून.

"तुम्ही पट्ट्या सोडल्या होत्या," तपासनीस म्हणाला. "फेसाचा ओघळ पट्टीच्या मागून सरळ गेलाय. पट्टी जागेवर असती तर तो तिच्यावरून वाहिला असता. चादरी पिळून निघाल्यात. संध्याकाळी पट्ट्या लोंबत होत्या, हे तुमच्या भावानंच सांगितलं. आणि सकाळी नट पुसलेत ते तुम्ही. त्यांवर खडूच्या रेघा होत्या. त्या कुणाच्या, हे शेडमधलं कुणीही सांगेल."

तिनं डोळे मिटले.

"फोरमनकाकांनी मला बोलावलं आणि मी आत आले," ती म्हणाली. "आप्पांच्या आधी मला त्या रेघाच दिसल्या. सरळ, नीट. आईच्या हाताच्या." ती खाली बसली. "पट्ट्या मी लोंबत ठेवल्या. उद्या ट्रकवर चढवायचं होतं, पुन्हा लागल्याच असत्या, म्हणून काढल्या नाहीत. पाटी लावली नाही. आईला सांगितलं नाही. मग दोष माझाच ना? मी काय खोटं बोलले?"

"विसरलात म्हणालात. ते खोटं."

"मग काय लिहिणार तुम्ही? बाईनं नवऱ्याला मारलं?" तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "जन्मभर दुसऱ्याचा पाय जाऊ नये म्हणून जिनं रोज फेरी मारली, तिला हे सांगायचं? ती जगणार नाही, साहेब. मी कोर्टात जाईन. मला झेपेल."

तपासनीस लाकडी खोक्यावर टेकला. कुठून सुरुवात करावी ते त्याला कळेना. शेवटी जसं घडलं तसं सांगू लागला.

"माझी बायको गेली तेव्हा मी परगावी एक बॉयलर तपासायला गेलो होतो. घरून फोन आला. वहिनींना जरा बरं नाही, निघा. मी निघालो. वाटेत गाडी थांबली तिथे संत्री घेतली. तिला आवडायची. निवडून घेतली, पातळ सालीची. भाव केला. न्यायला मेव्हणा आला होता, तोही म्हणाला, आहे, ठीक आहे. गल्लीत शिरलो तर माणसं उभी. मी संत्र्यांची पिशवी घेऊन आत गेलो."

मुलगी त्याच्याकडे बघत होती.

"त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. मी कुणाला बोललो नाही. पण तेवढा सगळा रस्ता ती मेलेली होती आणि ते मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. अजून मला वाटतं, तो रस्ता माझा होता. तो मला रडत काढायचा होता."

त्यानं गुडघ्यावरची धूळ झटकली.

"तुमची आई म्हणते, मुलगी माझ्याजवळ टेकत नाही," तपासनीस म्हणाला. "नवरा गेला, आणि का कुणास ठाऊक, मुलगीही जवळ येत नाही. एवढंच तिला कळतंय. आणि आप्पा पहाटे तुमच्या यंत्रात पलंगावरच्या चादरी धुवायला आले होते, हे तिला तुम्हाला सांगायचं आहे. तिला ते सांगायलाही कुणी मिळत नाही."

मुलगी उठली. ती ड्रमकडे गेली. आतल्या निळ्या काठाच्या चादरी तिनं आत्ताच पहिल्यांदा नीट पाहिल्या. एकीचं टोक तिनं मुठीत धरलं आणि तशीच उभी राहिली.

"एक गोष्ट मला उलगडलेली नाही," तपासनीस थोड्या वेळानं म्हणाला. "तीन नट एका हाताचे आहेत. चौथा त्या हाताचा नाही. तुमच्या आईची तेवढी ताकद नाही. आणखी कुणीतरी होतं."

७

मुलीनं आईला सांगितलं. पलंगाजवळ जमिनीवर बसून, आईच्या गुडघ्यावर हात ठेवून. हृदय बंद पडलं नव्हतं हे आधी सांगितलं. मग पट्ट्या. भाऊ दारात उभा होता, फोरमन त्याच्यामागे. भावाचा चेहरा पांढरा पडत गेला. "आई..." तो म्हणाला आणि पुढे त्याला काही सुचलं नाही.

आई मधे एकदाही बोलली नाही. सांगून झाल्यावरही नाही. बाहेर कुठेतरी ट्रक मागे घेत होते त्याचा आवाज येत राहिला. तपासनीसाला वाटलं, मुलीचं बरोबर होतं, आपण चुकलो. संत्र्यांची गोष्ट आपली होती, ती दुसऱ्याच्या घरात आणायला नको होती.

मग आईनं विचारलं, "चौथी पट्टी. खांबाकडची. तिचा नट निघाला का तुम्हाला?"

"जोर लावावा लागला," तपासनीस म्हणाला.

"लागणारच. तो ह्यांनी आवळला होता."

मुलीनं मान वर केली.

"काल फेरीला हे माझ्याबरोबर आले," आई म्हणाली. ती मुलीशी बोलत होती, बाकीचे जणू तिथे नव्हतेच. "कित्येक वर्षांत आले नव्हते. म्हणाले, चल, पाय मोकळे करतो. मी ओळखलं, तुझं यंत्र बघायचंय ह्यांना. तुझ्या यंत्राभोवती दोनदा फिरले. पट्ट्या लोंबताना दिसल्या तर म्हणाले, पोर घाईत सोडून गेली वाटतं, बांध. तीन मी बांधल्या. चौथीपाशी माझं मनगट दुखायला लागलं. मी म्हटलं, अहो, या इकडे. ह्यांनी पाना घेतला. मी म्हटलं, पुरे, बोल्ट तोडाल. म्हणाले, पोरीचं यंत्र आहे, ढिलं नको राहायला."

मुलीनं तोंड आईच्या गुडघ्यात खुपसलं. आईनं तिच्या केसांवर हात ठेवला.

"मला काल एकदाच वाटलं, विचारावं का पोरीला. ह्यांना म्हटलंही. तर म्हणाले, नको, आपण बघायला आलो होतो हे कळेल तिला." आईचा हात केसांवरून फिरत राहिला. "अभिमान तेवढा मेला मोठा."

मग तिनं तपासनीसाकडे पाहिलं.

"लिहा तुम्ही. माझं नाव आधी. फेरी माझी होती."

"सगळं आहे तसं लिहीन," तपासनीस म्हणाला. "एकीनं काम केलं आणि सांगितलं नाही. दोघांनी काळजीनं आवळलं आणि विचारलं नाही. नावं सगळ्यांची येतील. पण निष्काळजीपणा हा शब्द येणार नाही, तो इथे बसत नाही. आणि हेही लिहीन की पट्ट्या बांधलेल्या असताना हे यंत्र सुरूच होता कामा नये. तेवढं बदलल्याशिवाय ते कुठेही पाठवता येणार नाही."

"बदलेन," मुलगी न उठताच म्हणाली.

"पाहुण्यांना काय सांगू?" भावानं विचारलं. कुणाला विचारलं ते त्यालाही कळलं नसावं.

"सांग, थांबा म्हणावं," आई म्हणाली. "यंत्र अजून तयार व्हायचंय."

ती उठली. मुलीनं तिला धरलं. भाऊ बाजूला झाला आणि ती मधल्या दारानं शेडमध्ये गेली. खांबाशी ती थांबली. तिनं खांबाला हात लावला, जिथे आप्पांची पाठ टेकली असेल तिथे, आणि बराच वेळ तशीच राहिली. मुलगी तिच्याशेजारी उभी होती. कुणीही तिला पडायला सांगितलं नाही.

मग ती यंत्रापाशी आली.

"यातलं काय काय सैल ठेवायचं असतं?" तिनं विचारलं. "मला दाखव."

"आज नको, आई."

"आजच दाखव. उद्या मला पुन्हा फेरीला यायचंय."

मुलीनं यंत्राचं दार उघडून आईचा हात आत नेला, स्प्रिंगांवर टांगलेल्या ड्रमच्या काठावर ठेवला आणि हलकेच ढकलायला लावला. ड्रम झुलला. आईचा दुसरा हात तो थांबवायला आपोआप पुढे गेला. मुलीनं तो वाटेतच धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "हलू दे त्याला."